सर, आयकिडोच्या आधी तुम्ही काय करायचात?

मुलाला आयकिडो या जपानी युद्धकलेच्या क्लासला घालायला आलेले आईबाबा पहिला प्रश्न ठरलेला विचारतात. सरांचा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टपासून पुढचा दर्जा, कितवा? मग फी, मग ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतील. डॅन विचारण्यात गैर काही नाही. कुणीतरी परीक्षा घेऊन या माणसाला पुढे पाठवलंय, एवढं त्यातून कळतं. पण तो आपल्या मुलाला नेमकं काय देणार, हे काही डॅनवरून कळत नाही. ते कळावं म्हणून मी वेगळाच प्रश्न विचारते, आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारायला लावते. सर, आयकिडोच्या आधी तुम्ही काय करायचात? आणि आज पोटासाठी काय करता?

मी फिजिओथेरपिस्ट. घर दांडिया बाजारात, क्लिनिक रावपुऱ्यात. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे, मनगटं सोडवायची आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये मॅट अंथरून त्याच मनगटांना पीळ द्यायचा, असं बरीच वर्षं चाललंय. बडोद्यात कराटे आणि तायक्वांदोचे क्लास गल्लोगल्ली सापडतात, आयकिडोवाले मात्र मोजकेच. त्यामुळे शिकवणाऱ्या प्रत्येकाला जवळून बघायला मिळालं. मला इथं जे दिसलं, तेच पुढे आयकिडोचा इतिहास वाचताना जपानमध्येही दिसत गेलं. प्रत्येक शिक्षक मुळात स्वतःच्या अडचणीवर सापडलेलं उत्तर शिकवत असतो. ती अडचण कधी शरीराची असते, कधी नोकरीची, कधी आजारपणाची.

आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा (1883–1969). वाकायामा प्रांतातलं तानाबे हे त्यांचं गाव. 1912 साली ते गावाकडची माणसं बरोबर घेऊन उत्तरेला होक्काइदोमध्ये शिराताकी इथं वसाहत करायला गेले. होक्काइदोतच 1915 साली त्यांना ताकेदा सोकाकु भेटले, दाइतो-र्यू जुजुत्सुचे गुरू, अतिशय कडक माणूस. ताकेदा आयुष्यभर गावोगाव हिंडून शिकवत राहिले. फुकट कुणाला काही दिलं नाही. कुणाला काय शिकवलं आणि किती पैसे घेतले याच्या वह्या ते ठेवायचे, त्या आजही अभ्यासकांच्या कामी येतात. पुढे वडील आजारी असल्याची बातमी आली म्हणून उएशिबा घरी निघाले, वाटेत आयाबेला थांबले आणि ओमोतो पंथाच्या देगुची ओनिसाबुरोंच्या प्रभावाखाली आले ते कायमचे. एकाकडून सांधे पिळायची विद्या, दुसऱ्याकडून प्रार्थना. या दोहोंतून त्यांची कला घडली. आयकिडो हे नाव तिला मिळालं ते 1942 साली.

ते शिकवायचे कसे, याबद्दल जुन्या शिष्यांच्या आठवणी बऱ्याच अंशी जुळतात. करून दाखवायचे आणि पुढे सरकायचे. पुन्हा दाखवलं तर काहीतरी वेगळंच निघायचं. समजावून सांगायला लागले की बोलणं देवादिकांवर जायचं, कोजिकी या जुन्या जपानी पुराणग्रंथातल्या कथांवर जायचं, आणि समोरच्या तरुण पोरांना त्यातलं बरंचसं कळायचं नाही. पण पकडायला जावं तर माणूस हाताला लागायचा नाही. अशा गुरूकडे शिकलेल्या माणसाला पुढे स्वतः शिकवायची वेळ आली की पद्धत स्वतःच उभारावी लागते. ती उभारायला सामान कुठून आणणार? जवळ जे आहे तेच.

गोझो शियोदा (1915–1994) घ्या. डॉक्टरांचा मुलगा, ज्युडो खेळलेला, उंची पाच फुटांच्या आसपास. 1932 साली उएशिबांकडे आला तो मनात शंका घेऊनच. पहिल्याच भेटीत त्यानं लाथ मारून बघितली आणि पुढच्या क्षणी स्वतःच जमिनीवर होता, हे त्यानंच पुढे सांगून ठेवलंय. बुटक्या माणसाला उंच माणसाशी ताकदीनं झुंजून चालत नाही. त्याला दोन पायांमधून जाणारी मधली रेघ सांभाळावी लागते. शियोदांच्या योशिनकानमध्ये (स्थापना 1955) पहिला धडा याच उभं राहण्याचा असतो, ज्याला कामाए म्हणतात. पुढचा पाय, नितंब, दोन्ही हात, सगळं एका रेघेत. बघायला सोपं वाटतं. पाच मिनिटं तसं उभं राहिलं की मांड्या थरथरायला लागतात.

त्यांच्या पद्धतीला दुसरं वळण नोकरीनं दिलं. युद्धानंतर त्यांच्यासमोर आले ते कंपनीचे पहारेकरी आणि मग टोकियोचे पोलीस. दंगल-पथकाच्या पोलिसांसाठी त्यांच्याकडे खास अभ्यासक्रम चालायचा. एका वेळी रांगाच्या रांगा शिकवायच्या म्हणजे उएशिबांसारखं एकदा दाखवून चालणार कसं? मग प्रत्येक डावाचे टप्पे पडले, टप्प्यांना आकडे आले, आकड्यांवर हालचाल आली. इची! नी! म्हणजे एक! दोन! आणि सगळे एकाच क्षणी एका पावलावर.

हे वाचलं तेव्हा मला थेट आमच्या दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर डोळ्यांसमोर आलं. आमचे आजोबा तिथं जायचे. राजरत्न माणिकरावांचं नाव घरात देवासारखं घेतलं जायचं. माणिकराव जुम्मादादांचे शिष्य. उस्ताद मुसलमान, शिष्य तांबे घराण्यातला, आणि विद्या दोघांची एकच. सयाजीराव महाराजांच्या राज्यात व्यायामाला मान होता. माणिकरावांनी पोरांच्या रांगा लावून सांघिक व्यायाम बसवला, हुकूम आपल्या भाषेत दिले. आखाड्यातली विद्या उस्तादाच्या अंगाला अंग लावून शिकायची, तीच मैदानावर शेकड्यांनी शिकवायची म्हटली की टप्पे आणि हुकूम येणारच. शियोदांना टोकियोत जे करावं लागलं, ते बडोद्याला आधीच ठाऊक होतं. आयकिडो म्हणजे काहीतरी परदेशी असं कुणी म्हणालं की मी त्याला हे सांगते.

माणिकराव हाडं बसवण्यातही तरबेज होते. निखळलेला खांदा, लचकलेला पाय घेऊन लोक त्यांच्याकडे यायचे. जपानमध्येही जुजुत्सु-ज्युडोवाल्यांचं आणि हाडवैद्यकीचं असंच जुनं नातं आहे. सांधा कुठवर जातो हे ज्याला माहीत, त्यालाच तो परत जागेवर आणता येतो. माझ्या धंद्यामुळे असेल, पण मला हे नातं फार मोलाचं वाटतं. निक्यो नावाचा डाव आहे. समोरच्याचं मनगट आत वळवायचं, कोपर वाकलेलं ठेवायचं आणि खाली दाब द्यायचा. बरोबर लागला तर धडधाकट माणूस गुडघ्यावर येतो. लागल्यानंतर अर्धा इंच जास्त गेलं तर मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूची कूर्चा आणि तिथले बंध दुखावतात, आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. दाराची कडी फिरवताना, ओला टॉवेल पिळताना कळ येते. शिबिरात ताकद दाखवायच्या भरात एका शिक्षकानं असा निक्यो लावलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्यानं हात मॅटवर आपटून थांबायची खूण केली होती आणि तरी शिक्षकानं बोलणं संपेपर्यंत धरून ठेवलं. त्या शिक्षकाचा डॅन मोठा होता. माझ्या मते त्या दिवशी त्यानं आयकिडो शिकवलाच नाही.

आता आमचे सर. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टर्नर होते, आता रिटायर झालेत. आधी ज्युडो, मग मुंबईच्या शिबिरांतून आयकिडो. क्लासची वेळ सरांच्या शिफ्टवर ठरायची. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की पहाटे. नाइट करून आलेले सर पहाटे मॅट अंथरताना मी बघितलेत. बोलणं कमी. मनगट पुढे करायचे आणि म्हणायचे, "धर. नीट धर. अजून." धरलं की पुढची पाच मिनिटं तुमच्या पायांकडे बघत राहायचे. "डावा पाय दोन सूत आत घे." दोन सूत म्हणजे पाव इंच! मला आधी वाटायचं, माणसाच्या शरीरात पाव इंचानं काय होतं? पण पाय तेवढा आत घेतला की समोरचा सहा फुटी गडी हलायचा. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाची नजर ती. "सेटिंग बरोबर असलं की जॉब बरोबर येतो," हे त्यांचं वाक्य आमच्याकडे लहान मुलंही म्हणतात. चालू हालचालीत डाव शिकवायला सर राजी नसत. आधी घट्ट पकड, जागच्या जागी, पूर्ण वजनासकट. त्यातून सुटता आलं तर पुढचं.

मोरिहिरो साइतो (1928–2002) यांच्याबद्दल वाचलं आणि सर जास्त समजले. साइतो जपानी रेल्वेत नोकरीला. इवामा या खेड्यात उएशिबा शेती करून राहत होते, तिथं 1946 साली साइतो वयाच्या अठराव्या वर्षी आले. युद्ध हरलेला देश, खायची भ्रांत, एकेक शिष्य पोटापाण्यासाठी गाव सोडून चाललेला. साइतोंची रेल्वेची ड्यूटी अशी होती की एक दिवस पूर्ण काम आणि दुसरा दिवस मोकळा. मोकळा दिवस गुरूंचा. शेतातही तेच आणि मॅटवरही तेच. त्यामुळे लाकडी तलवार आणि काठीचं, म्हणजे बोक्केन आणि जोचं जे काम उएशिबा त्या काळात पहाटे करायचे, ते बरंचसं या रेल्वेच्या माणसाच्या पदरात पडलं. आणि त्यानं ते कसं मांडून ठेवलं बघा. तलवारीचे 7 सुबुरी, म्हणजे एकट्यानं घोटायचे मूळ वार, काठीचे 20, काठीची 31 हालचालींची एक सलग काता. आधी घट्ट पकडीत जागच्या जागी, मग हळूहळू वाहत्या हालचालीत. आज जगात कुठंही इवामा पद्धतीच्या डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, गेलात तर हेच आकडे ऐकू येतील. एवढं शिस्तीत मांडलेलं काम रेल्वेच्या माणसाच्या हातून व्हावं, याचं मला अजिबात नवल वाटत नाही. गुरू गेल्यावर इवामाचा डोजो आणि तिथलं आयकी मंदिर त्यांनीच शेवटपर्यंत सांभाळलं.

उएशिबांचे चिरंजीव किश्शोमारू (1921–1999) यांची अडचण आणखी वेगळी. युद्धात टोकियोच्या डोजोत बेघर कुटुंबं राहायला आलेली, शिष्य पांगलेले. वासेदा विद्यापीठात शिकलेला हा माणूस दिवसा नोकरी करायचा आणि सकाळ-संध्याकाळ डोजो उभा करायचा. 1956 साली त्यांनी टोकियोत ताकाशिमाया या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर लोकांपुढे प्रात्यक्षिकं ठेवली आणि त्यात शिष्यांनाही उभं केलं. तोवर लोकांसमोर सहसा स्वतः उएशिबाच असायचे. घराबाहेरच्या माणसांच्या हाती विद्या द्यायची तर ती सर्वांना करता येईल अशी गोल, मोकळी, समजेल अशा नावांची हवी, हे त्यांनी ओळखलं. आज आपल्याला परीक्षेच्या यादीत डावांची जी नावं दिसतात, त्यांतली बरीचशी व्यवस्था त्यांच्या काळातली.

कोइची तोहेई (1920–2011) यांच्यावर मी एक अख्खी वेगळी पोस्ट लिहीन, कारण त्यांच्या वाटेत आपला हिमालय लागतो. तोहेई कॉलेजात असताना फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन अंथरुणाला खिळले. व्यायाम बंद. बरं होण्यासाठी त्यांनी श्वासाची आणि मनाची साधना धरली, मग उएशिबांकडे आले. युद्धानंतर ते नाकामुरा तेम्पूंच्या संपर्कात आले. तेम्पू क्षयाने ग्रासलेले असताना औषधासाठी जग फिरले आणि कैरोत भेटलेल्या एका योग्यामागून हिमालयाच्या पायथ्याच्या गावात येऊन राहिले, तिथं योग शिकून बरे झाले, असं ते स्वतः सांगत. जपानला परतून त्यांनी मनानं शरीर चालवण्याची शिकवण सुरू केली. तोहेईंनी उएशिबांच्या डावांकडे तेम्पूंच्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की गुरू जे बोलतात त्यापेक्षा ते अंगानं किती सैल असतात हे महत्त्वाचं. पुढे 1953 साली हवाईला शिकवायला गेले तर समोर धिप्पाड माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडी "का?" हा प्रश्न. तिथं देवाच्या कथा सांगून भागणार नव्हतं. त्यांनी चार सूत्रं बांधली. पोटाखालच्या एका बिंदूवर मन ठेवा, पूर्ण सैल व्हा, प्रत्येक अवयवाचं वजन त्याच्या खालच्या बाजूला असू द्या, 'की' बाहेर वाहू द्या. 'की' म्हणजे आपण प्राण म्हणतो तेच, असं मी क्लासमध्ये सांगून टाकते. सूक्ष्म फरक असतील, पण आमच्या लोकांना लगेच पटतं. 1974 साली ते मुख्य संस्थेतून बाहेर पडले आणि स्वतःची पद्धत घेऊन वेगळे चालले.

तोहेईंची एक चाचणी मी क्लिनिकमध्येही वापरते. हात समोर लांब करा, मूठ घट्ट आवळा, कुणालातरी कोपरात वाकवायला सांगा. वाकतो. आता बोटं सैल सोडा, समोरच्या भिंतीपलीकडे काहीतरी वाहत चाललंय असं मनात आणा. तोच माणूस, तेवढाच जोर, हात वाकत नाही. शरीरशास्त्र सांगतं की आवळलेल्या हातात दंडाच्या पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्नायू एकदम ताणले जातात, आणि पुढचा स्नायू हात वाकवणाऱ्याच्याच मदतीला जातो. सैल हातात फक्त मागचा काम करतो. हे मी पेशंटला सांगते तेव्हा तो मान डोलावतो आणि हात पुन्हा आवळतो. तोहेईंचं वाक्य सांगितलं की लगेच जमतं. शिकवणाऱ्याला शेवटी कोणतं वाक्य लागू पडतं ते शोधायचं असतं, आणि आजारपणातून उठलेल्या माणसाला ते सापडलं होतं.

केंजी तोमिकी (1900–1979) यांच्याविषयी थोडक्यातच. ज्युडोचे जनक कानो यांचे शिष्य, पेशानं विद्यापीठातले शिक्षक. वासेदात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या माणसाला मोजता येईल, तपासता येईल असं हवं होतं, म्हणून त्यांनी आयकिडोत सामना आणला. रबरी सुऱ्यानं एक हल्ला करणार, दुसरा सुटणार. बाकी आयकिडोत सामने नसतात आणि मला ते नसणंच आवडतं. पण ज्युडोतून आलेल्या पोराला सामना नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा पडतो हे मी बघितलंय. तोमिकींकडे त्या पोरासाठी काहीतरी होतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ताकाको कुनिगोशी. 1930च्या दशकात उएशिबांच्या टोकियोतल्या डोजोला लोक नरकाचा डोजो म्हणायचे, इतका सराव कठीण. तिथं ही चित्रकलेची विद्यार्थिनी पुरुषांच्या बरोबरीनं पडायची, उठायची. डावांची पुस्तिका काढायची ठरली तेव्हा चित्रं तिनं काढली. हात कुठं, पाय कुठं, अंगाचा तोल कुणीकडे, हे ज्या बाईनं स्वतः अंगावर घेतलेलं होतं तिच्या रेषा त्या. युद्धापूर्वीचा आयकिडो कसा होता हे आज आपण त्या रेषांवरूनही वाचतो. पुढे ती चहाविधी शिकवत असे.

आणि आंद्रे नोके (1914–1999), फ्रान्सचे. 1955 साली टोकियोला जाऊन उएशिबांच्या डोजोत राहून शिकले. व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट! हे कळलं त्या दिवशी मी क्लिनिकमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते. त्यांच्यासाठी दुभाष्याचं काम करणारे इत्सुओ त्सुदा स्वतः पंचेचाळिसाव्या वर्षी आयकिडो करायला लागले. त्सुदांनी तरुणपणी पॅरिसमध्ये समाजशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं. पुढे ते फ्रान्सला परतले आणि त्यांनी श्वासावर बेतलेला सराव शिकवला. चाळिशी उलटली, आता काय शिकणार, असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी त्सुदांचं नाव सांगते.

आमच्याकडे शनिवारी शिकवायला येतात त्या बेन भरतनाट्यमच्या. इथल्याच विद्यापीठात नृत्य शिकलेल्या, घरी गुजराती, आमच्याशी सुंदर मराठी. त्यांच्या क्लासला पहिला अर्धा तास हात वापरायचेच नाहीत. नुसते पाय. भरतनाट्यमला अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, आधी पायांनी पक्के करतात तसं इरिमी (आत शिरणं), तेनकान (वळणं), पुन्हा इरिमी. मोजायच्याही त्या बोलांवर, त-क-धि-मि. नृत्यात पाय आपटायचा असतो आणि इथं मॅटवरून सरकवायचा असतो. हा बदल स्वतःच्या अंगात उतरवायला त्यांना फार कष्ट पडले, आणि म्हणूनच दुसऱ्याची टाच कुठं उचलली जाते ते त्यांना पाठीमागून नुसत्या आवाजावरून कळतं. "टाच बोलतेय," असं म्हणतात. आमच्या बायकांना तेनकान पटकन येतो याचं कारण बेनच्या मते गरबा. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी पायांनी, चवड्यावर फिरत गोल जाणाऱ्या बाईला वळायचं कसं हे शिकवावं लागत नाही. तिला थांबायचं कसं हे शिकवावं लागतं. नवरात्रानंतर माझ्या क्लिनिकमध्ये घोट्यांची रांग लागते, त्यामुळे हे मला शंभर टक्के पटतं.

आणि मी? मी पडायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या बायकांच्या हकिगतीत तेच शब्द असतात. बाथरूममध्ये पाय सरकला, हात टेकला. तळहात टेकून पडलं की सगळा भार मनगटावर येतो आणि तिथंच हाड मोडतं. उत्तरायणात गच्चीच्या पायरीवरून, पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून, सगळीकडे तेच. मनगट मोडलं तरी सुटका म्हणायची, खुब्याचं हाड मोडलं तर बाईचं घराबाहेर पडणंच बंद होतं. आयकिडोत पहिल्या दिवसापासून उकेमी असते, फेकणाऱ्याच्या हातून सुखरूप पडण्याची विद्या. डाव शिकायला लोक येतात, पण मला वाटतं की या कलेनं जगाला दिलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच असावी.

माझ्या क्लासला ती टप्प्यांनी होते. आधी मॅटवर मांडी घालून बसायचं, हनुवटी छातीला लावायची आणि गोल पाठीवर मागे झुलायचं. डोकं मॅटला लागता कामा नये. हात पोटावर, कारण मोकळे सोडले की ते मागे टेकायला जातात. दोनेक आठवडे एवढंच. मग उकिडवं बसून. मग खुर्चीच्या उंचीवरून. प्रत्येक वेळी पडताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. श्वास धरला की पाठ फळीसारखी होते आणि धक्का सरळ मणक्यात जातो. उभ्यानं पडणं साठीच्या पुढच्या सगळ्यांना मी शिकवतच नाही. हाडांच्या घनतेचा रिपोर्ट बघते, तो नीट नसेल तर त्यांच्यासाठी फक्त जमिनीवर बसणं आणि आधाराशिवाय उठणं. सोप्पं वाटतं ना? तुमच्या आईला करून बघायला सांगा, तुम्ही जवळ उभे राहा.

सरांना माझी ही पद्धत पूर्णपणे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, पडणं हे पडूनच येतं. समोरच्यानं फेकलं, तुम्ही पडलात, उठलात, पुन्हा पकडलंत. "एवढं बोलतेस, तेवढ्या वेळात त्यांच्या वीस उकेमी झाल्या असत्या," असं ते सगळ्यांसमोर म्हणतात. ज्युडोत वाढलेला, कोवळ्या वयात हजारो वेळा पडलेला माणूस असंच म्हणणार, आणि वीस वर्षांच्या पोरांच्या बाबतीत ते बरोबरही आहेत. मी उत्तर देते की माझ्या बॅचमधल्या बाईंना पडून बघायची संधी एकदाच मिळेल. त्यावर ते काही बोलत नाहीत, मनगट पुढे करतात. आमचं हे भांडण मिटलेलं नाही आणि मिटवायची घाई दोघांनाही नाही. म्हणून आता बॅच वेगळ्या आहेत, त्यांची संध्याकाळची, माझी रविवारी सकाळची, शनिवार बेनचा. कुणी नवीन आलं की आम्ही तिघं मिळून त्याला बसवतो आणि आधी तोच काय काम करतो, काय खेळायचा, कुठं दुखतं, कशाची भीती वाटते, ते विचारून घेतो. मग कुणाकडे पाठवायचं ते ठरतं.

परवा वाडीहून एक कॉलेजातली मुलगी आली, शाळेत ज्युडो खेळलेली, सामने बंद झाल्यापासून हात शिवशिवतायत म्हणाली. बरोबर तिची आजी होती, नुसती सोबत म्हणून. नातीला सरांनी तिथल्या तिथं मॅटवर घेतलं. आजींना मी रविवारी बोलावलंय, पंजाबी ड्रेस घालून या म्हटलं, आणि हाडांचा रिपोर्ट आणा.